चकचकीत थार की चेपलेली थार?

प्रश्न: लांजा तालुक्यात आमची आंबा-काजूची बाग आहे. डांबरी रस्ता सोडल्यावर तीन किलोमीटर जांभ्याची कच्ची वाट, मध्ये एक पऱ्या (ओढा) आणि शेवटी उभी घाटी. पावसाळ्यात पिकअप तिथे रुतते, म्हणून महिंद्राची जुनी डिझेल थार घ्यायचं ठरवलंय. दोन पाहिल्या. पुण्यातली २०१३ ची सीआरडीई (कॉमन रेल डिझेल इंजिनवाली): ६८,००० किलोमीटर, ३३ इंची टायर, उंच केलेली, विंच (रुतलेली गाडी दोराने ओढायची मोटर), लोखंडी बंपर, ताजा काळा रंग. दुसरी सातारा जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याची २०१६ ची: १,२४,००० किलोमीटर, कंपनीतून आली तशीच, मडगार्ड चेपलेलं, हूड फाटलेलं. किमतीत फारसा फरक नाही. मुलाचा जीव पुण्याच्या गाडीवर आहे. आमचा मेकॅनिक म्हणतो, दोन्ही इंजिनं ओके. काय बघून ठरवावं?

उत्तर: नमस्कार. मेकॅनिकने इंजिनं ऐकली ते बरंच केलं, पण जुन्या फोर बाय फोरमध्ये इंजिन ही सगळ्यात मोठी काळजी नव्हे. डिझेल इंजिन उघडून पुन्हा बांधणारा माणूस तालुक्याच्या गावी मिळतो आणि खर्चाचा आकडाही आधी सांगतो. सडलेली चासी, पाणी शिरलेलं हौसिंग (ॲक्सलवरचा गिअरचा डबा) आणि झिजलेली ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा डबा) यांचा आकडा मात्र काम सुरू झाल्यावरच कळतो. म्हणून क्रम उलटा धरा. आधी गाडीखाली झोपा, मग फोर बाय फोर तपासा, मग इंजिन, आणि रंग अगदी शेवटी.

जाण्याच्या आदल्या दिवशी दोन्ही मालकांना फोन करून सांगा की आम्ही येईपर्यंत गाडी सुरू करू नका. सोबत गोणपाट, चांगली टॉर्च, जुना स्क्रूड्रायव्हर, छोटी हातोडी, मोजपट्टी, जॅक आणि चाकांना लावायला दोन दगड घ्या. पोचल्या पोचल्या बॉनेट उघडून एक्झॉस्टजवळ हात न्या. ऊब लागली तर गाडी आधीच सुरू करून ठेवली होती. मग चहा घ्या, गप्पा मारा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परत या. थंड डिझेल जे सांगतं ते गरम झाल्यावर सांगत नाही.

चासीपासून सुरुवात करा. थारची चासी म्हणजे दोन लांब पेटी-आकाराच्या लोखंडी पट्ट्या आणि त्यांना जोडणारे आडवे तुकडे. गंज बाहेरून कमी आणि पेटीच्या आतून जास्त लागतो, कारण चिखल आत जाऊन बसतो आणि महिनोन् महिने ओला राहतो. मागच्या ॲक्सलच्या वर चासी जिथे कमान घेते तो भाग, पाट्यांचे शॅकल (टांगते जोड) जिथे बसतात ते कोपरे, सगळ्यात मागचा आडवा तुकडा आणि बॉडीचे रबरी बुश ज्यांवर टेकतात त्या जागा हातोडीने हलकेच वाजवत जा. निरोगी लोखंड टणक वाजतं, सडलेलं थपथप. जिथे आवाज बदलेल तिथे स्क्रूड्रायव्हरचं टोक जोर देऊन दाबा. वरवरचा तांबूस थर चालतो, पापुद्रे सुटत असतील तर नाही, आणि टोक आत गेलं तर गाडी सोडून द्या. समुद्रकिनाऱ्यावर वाळूत पळवलेल्या गाड्यांना हा रोग हमखास होतो. अशा गाड्या बाहेरून दर वेळी धुतल्या जातात, चासीच्या पोटात पाण्याचा पाइप कुणी घालत नाही.

पुण्याच्या गाडीचा ताजा काळा रंग चासीलाही मारलाय का ते बघा. सगळीकडे सारखं अंडरकोटिंग असेल तर एक वेळ ठीक. पण एखाद्याच हातभर पट्ट्यात डांबरासारखा जाड थर असेल तर तो खरवडून बघण्याची परवानगी मागा. खाली वेल्डिंगची ओबडधोबड रेघ निघाली तर चासी कधीतरी वाकली होती किंवा फाटली होती. विंच आणि जड बंपरवाल्या गाडीत स्टिअरिंग बॉक्स चासीला जिथे बोल्टने बसतो तिथे केसासारख्या बारीक चिरा शोधा. एकाला इंजिन बंद ठेवून स्टिअरिंग दोन्हीकडे हिसके देत हलवायला सांगा आणि तुम्ही त्या जागेवर टॉर्च धरा. बॉक्स चासीवर किंचितही सरकताना दिसता कामा नये. चासी नंबरच्या आसपास घासल्याची किंवा वेल्डिंगची खूण दिसली तर पुढे काही बघू नका. ती दुरुस्तीची नव्हे, पोलिसांची भानगड असू शकते.

सातारा भागातल्या आणि तुमच्याच जिल्ह्यातल्या चिपळूणच्या गाड्यांबाबत आणखी एक गोष्ट आवर्जून बघावी लागते: पूर. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापूरकडे आणि २०२१ च्या जुलैमध्ये चिपळूण-महाडला असंख्य गाड्या पाण्याखाली गेल्या. त्यांतल्या कित्येक धुऊन-पुसून पुन्हा बाजारात आल्या. सीटखालचे बोल्ट गंजलेले दिसले म्हणून घाबरू नका. फाटक्या हुडातून पाऊस आला तरी ते गंजतात. पुराची खूण वर शोधायची असते. सीटबेल्ट शेवटापर्यंत ओढा आणि गुंडाळीतल्या भागावर गढूळ डाग आहे का बघा. फ्यूज बॉक्सचं झाकण काढून कोपऱ्यात बारीक वाळलेला गाळ आहे का, वायरिंगच्या कनेक्टरच्या पितळी टोकांवर हिरवट बुरशी आहे का ते पाहा. एअर फिल्टरच्या डब्यात आतून गाळाची आडवी रेघ असेल तर पाणी इंजिनच्या तोंडापर्यंत पोचलं होतं. पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये शिरलं की कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि वाकलेल्या रॉडवरही गाडी काही हजार किलोमीटर बिनबोभाट चालते.

आता फोर बाय फोर. बहुतेक जण डॅशबोर्डवरचा दिवा लागला की खूश होतात. तो दिवा लिव्हरजवळच्या एका स्विचचा. पुढच्या चाकांना ताकद पोचली की नाही हे त्याला ठाऊकच नसतं. खरी परीक्षा जॅकवर होते. सपाट जमिनीवर इंजिन बंद करा, हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना पुढून-मागून दगड लावा आणि पुढचं एक चाक जमिनीपासून दोन बोटं उचला. लिव्हर टू-एच मध्ये (ताकद फक्त मागच्या चाकांना) असताना ते चाक हाताने मोकळं फिरलं पाहिजे. आता लिव्हर फोर-एच मध्ये (ताकद चारही चाकांना) टाका. दात जुळले नाहीत तर लिव्हर धरून चाक हाताने थोडं मागेपुढे करायला कुणाला तरी सांगा. फोर-एच नीट बसल्यावर चाक थोडीशी खेळ देऊन अडलं पाहिजे. मोकळंच फिरत राहिलं तर हब, शाफ्ट किंवा ट्रान्सफर केस यांपैकी कुठेतरी जोड तुटलेली आहे. मग दुसऱ्या बाजूच्या चाकावर हेच करा. या चाचणीत ड्रायव्हिंग काहीच नाही, तरी विकणारा बहुतेक वेळा अस्वस्थ होतो. जॅकवरच्या गाडीखाली डोकं मात्र घालू नका.

चाक अडलेलं असतानाच रिमवर खडूची खूण करून ते मागेपुढे हलवा. खूण किती सरकते ती पुढच्या बाजूची एकूण ढिलाई. थोडी असणारच. पण खूण वीतभर सरकत असेल तर ती कुठून येते ते शोधा. प्रॉपेलर शाफ्टचे (ट्रान्सफर केसमधून ॲक्सलला ताकद नेणाऱ्या दांड्याचे) क्रॉस, म्हणजे सांधे, हे पहिले संशयित. क्रॉसच्या दोन्ही बाजू दोन हातांनी धरून उलट्या दिशांना पिळा. खटका जाणवला किंवा कॅपच्या कडेला तांबूस भुकटी दिसली तर क्रॉस संपला. हे स्वस्त काम आहे, त्यावरून गाडी नाकारू नका, भाव कमी करा. ढिलाई हौसिंगच्या आतून येत असेल तर ते काम महागात जातं.

त्यानंतर गाडी डांबरावरून मातीत न्या, शेत किंवा खडी चालेल. डांबरावर फोर बाय फोर लावू नका, कुणी लावून दाखवत असेल तर थांबवा. थारच्या यंत्रणेत पुढचा आणि मागचा ॲक्सल यांच्या दरम्यान, दोघांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारं डिफरन्शियल नाही. वळताना पुढची चाकं जास्त अंतर कापतात, डांबरावर ती घसरू शकत नाहीत, मग सगळा पीळ शाफ्टात आणि ट्रान्सफर केसमध्ये साठतो. लिव्हर अडकतं ते यामुळेच. मातीत फोर-एच लावून पूर्ण वळण घेतलं की स्टिअरिंग जड लागेल आणि पुढची चाकं माती ढकलताना जाणवतील. म्हणजे यंत्रणा काम करतेय. वळताना पुढून लयीत कट-कट आवाज आला तर सीव्ही जॉइंट (वळलेल्या पुढच्या चाकांना ताकद पोचवणारे सांधे) गेले. त्याआधी रबरी बूट फाटलेले असतात आणि रिमच्या आतल्या बाजूला काळं ग्रीस उडालेलं दिसतं.

फोर-एल (कमी वेगाचा, जास्त ताकदीचा फोर बाय फोर) लावताना गाडी पूर्ण थांबवा, क्लच दाबून लिव्हर टाका. पहिल्या गिअरमध्ये गाडी माणसाच्या चालीने सरकायला हवी. एखाद्या उतारावर ॲक्सिलरेटर आणि ब्रेक दोन्हींवरून पाय काढून उतरू द्या. उतरता उतरता लिव्हर आपोआप न्यूट्रलला उडी मारत असेल तर आतला फोर्क किंवा गिअरचे दात झिजलेत. तुमच्या घाटीवर भरलेली गाडी उतरताना असं झालं तर इंजिनचा आधार एका क्षणात जाईल. या एका दोषाला आम्ही भाव कमी करायला सांगणार नाही. गाडीच घेऊ नका.

२०१६ च्या गाडीत मागच्या हौसिंगमध्ये यांत्रिक लॉकर (एक चाक गरगरलं की दोन्ही चाकं एकत्र जोडणारी यंत्रणा) आहे, २०१५ च्या बदलानंतर सीआरडीईला तो मिळाला. २०१३ च्या गाडीत कंपनीकडून नाही. तुमच्या वाटेसाठी हा फरक विंचपेक्षा मोठा. एक मागचं चाक खड्ड्यात लोंबेल अशी तिरपी जागा शोधून हळू ॲक्सिलरेटर द्या. ते चाक क्षणभर गरगरेल, मग ‘खट्ट’ होऊन दुसरं चाक ओढू लागेल. तो आवाज ऐकून काही मालक हौसिंग गेलं असं समजतात, आणि खरोखर गेलेल्या लॉकरच्या गाडीत ‘खट्ट’ होतच नाही. चाक नुसतं गरगरत राहतं.

आता ऑइल. पुढचं हौसिंग, मागचं हौसिंग आणि ट्रान्सफर केस या तिन्हींचा भरायचा नट उघडायला लावा. वरच्या भागातला नट आधी, खालचा नाही. नट पानाही न मानता जाम बसला असेल तर ऑइल कित्येक वर्षांत बदललेलं नाही. नट सुटल्यावर बोट आत वाकवा: ऑइल भोकाच्या खालच्या काठापर्यंत हवं. बोटावर आलेलं ऑइल दुधाळ किंवा चहासारखं असेल तर पाणी शिरलंय. त्याचं कारण साधं आहे. चालून तापलेलं हौसिंग पऱ्याच्या गार पाण्यात उतरलं की आतली हवा आकसते. वरचा ब्रीदर पाइप (हौसिंगमध्ये हवा ये-जा करायची नळी) तुंबलेला किंवा तुटलेला असेल तर हवा यायला जागा नसते, मग सीलवाटे पाणी आत ओढलं जातं. पुढे बेअरिंग गंजतं आणि घुं घुं सुरू होतं. खालच्या नटाला लोहचुंबक असेल आणि त्यावर राखेसारखा मऊ लेप असेल तर ती नेहमीची झीज. दाताच्या आकाराचे तुकडे किंवा चकचकीत छिलके निघाले तर नाही.

३३ इंची टायरांवर थोडं थांबतो, कारण मुलाचा जीव तिथेच आहे. मूळ टायर २३५/७० आर १६, म्हणजे सुमारे २९ इंच उंचीचे. ३३ इंची टायर एका फेरीत जवळजवळ १४ टक्के जास्त अंतर कापतं, पण मीटर फेऱ्याच मोजतं. त्या टायरांवर मीटरवर १०,००० दिसले तेव्हा गाडी ११,४०० किलोमीटर पळालेली असते. ६८,००० मधले किती त्या टायरांवर झाले ते मालकाला विचारा. दुसरं, मोठं चाक म्हणजे लांब गिअर. तोच चढ चढायला क्लचला जास्त घासावं लागतं आणि ब्रेकवरही जास्त ताण येतो. तिसरं, पुढची बाजू कशाने उंच केली? या थारला पुढे टॉर्शन बार (स्प्रिंगचं काम करणारे, पीळ घेणारे दांडे) आहेत, आणि स्वस्तातला उपाय म्हणजे त्यांचे बोल्ट आवळून गाडी वर उचलणे. त्याने सीव्ही शाफ्टचा कोन तीव्र होतो, बूट फाटतात, बॉल जॉइंट लवकर जातात आणि खड्ड्यात चाक खाली यायला जागाच उरत नाही. पुढच्या टायरची एक कड दुसरीपेक्षा जास्त घासली असेल तर गाडीचं उत्तर मिळालं. चारही टायरांचा घेर मोजपट्टीने मोजा. पुढे नवे आणि मागे झिजलेले अशी जोडी फोर बाय फोरला चालत नाही, वर सांगितलेला पीळ मातीतही बसू लागतो.

इंजिनाचं थोडक्यात, कारण तुमचा मेकॅनिक जाणता दिसतो. गार असताना सुरू केल्यावर थोडा वेळ पांढरा धूर येऊन थांबला तर हरकत नाही. डोळे चुरचुरणारा पांढरा धूर थांबतच नसेल तर न जळलेलं डिझेल बाहेर पडतंय, इंजेक्टर किंवा कॉम्प्रेशन बघा. निळा धूर म्हणजे ऑइल. इंजिन चालू असताना ऑइल भरायचं झाकण सोडवून भोकावर उलटं ठेवा. किंचित थरथरलं तर ठीक, उडून पडलं तर बॅक कॉम्प्रेशन आहे आणि रिंगांचं काम निघालं. रेडिएटरचं झाकण इंजिन गार असतानाच उघडा. आत कूलंटऐवजी गंजाचं पाणी असेल तर मालकाच्या देखभालीचा अंदाज येतो, तेलाचा तवंग असेल तर हेड गॅस्केटचा. टर्बोच्या पाइपात तेलाचा ओशटपणा नेहमीचाच, पण पाइप सोडल्यावर तेल ओघळलं तर नाही. सीआरडीई असल्यामुळे स्कॅनर लावून रेल प्रेशर (इंजेक्टरना जाणाऱ्या डिझेलचा दाब) बघा, आयडलला साधारण २५० ते ३५० बारमध्ये स्थिर हवं. शक्य असेल तर चारही इंजेक्टरची रिटर्न टेस्ट करायला सांगा. चार बाटल्यांत सारख्या वेळात जमलेलं डिझेल पाहायचं, एका बाटलीत दुप्पट जमलं तर तो इंजेक्टर झिजलाय. क्लचसाठी चौथ्या गिअरमध्ये ४० च्या वेगाने जाताना ॲक्सिलरेटर एकदम पूर्ण दाबा. इंजिनचा आवाज चढला आणि वेग तसाच राहिला तर प्लेट संपली.

कागदपत्रांत कर्जाचा बोजा आरसीवर दिसत असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. हस्तांतराला फॉर्म २९ आणि ३० लागतात. थकलेली ई-चलानं गाडीच्या नंबरवर आधी बघून घ्या, नाहीतर ती तुमच्या गळ्यात पडतील. २०१३ च्या गाडीची पंधरा वर्षं २०२८ ला भरतात, मग फिटनेस, नूतनीकरण आणि पर्यावरण कर. २०१६ च्या गाडीला त्यापुढे तीन वर्षं मिळतात. पुण्याच्या गाडीला आणखी एक अडचण आहे. समोरच्या लोखंडी क्रॅश गार्डवर केंद्राने डिसेंबर २०१७ मध्ये बंदी घातली. कंपनीच्या मूळ रचनेत बदल करता येत नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलं. उंच केलेल्या गाडीच्या अपघातात विमा कंपनी नेमकं यावरच बोट ठेवू शकते. पुण्याकडे दिल्लीहून आलेल्या डिझेल गाड्याही फिरतात, म्हणून पहिली नोंदणी कुठली ते आरसीवर वाचा.

सातारची गाडी चासी आणि फोर-एल या दोन परीक्षांत पास झाली तर ती घ्या, असं आमचं स्पष्ट मत. शेतकऱ्याच्या १,२४,००० पैकी बहुतेक रस्त्याचे असतील, आणि मडगार्ड-हूड ही चार दिवसांची कामं आहेत. पुण्याच्या गाडीत तुम्ही दुसऱ्याच्या हौसेचे पैसे द्याल. मुलाला हेही सांगा की या दोन्ही गाड्यांत एबीएस आणि एअरबॅग नाहीत, आणि मागच्या आडव्या बाकड्यावर घाटात माणसं बसवणं वेगळंच धाडस.

ठरलेल्या किमतीच्या दहा-पंधरा टक्के रक्कम बाजूला ठेवा आणि गाडी घरी आणल्या आठवड्यात गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस, दोन्ही हौसिंग यांचं ऑइल बदला. चारही ठिकाणी एकच ऑइल ओतू देऊ नका, प्रत्येकाचा ग्रेड मॅन्युअलमध्ये बघा, चुकीच्या ऑइलने ट्रान्सफर केस लवकर जाते. गाडी उभी असताना हौसिंगचे ब्रीदर पाइप हातात धरून वरच्या टोकापर्यंत जा, फुंकून बघा. हवा जाते का ते पाहूनच पाऊस सुरू झाल्यावर पऱ्यात उतरा.